चादर हवेतच ठेवायची

वसंत महोत्सवाचं ते रंगीत पुस्तक आमच्या लाँड्रीत आलं, त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. नात दुपारी शाळेतून आली की काउंटरवर चढून बसायची आणि कुठे काय आहे ते मोठ्यांदा वाचून दाखवायची. मी चौथीपर्यंतच शिकले, पण कान चांगले आहेत, ऐकून घ्यायचे. एक माणूस म्हणे रिकाम्या जलतरण तलावात उभा राहणार आणि संध्याकाळभर काहीच करणार नाही. काहीच नाही! आणि ते बघायला तिकीट. एक बाहुल्यांचा खेळ आहे, त्यात बाहुल्या नाहीत, नुसत्या दोऱ्या. एका ठिकाणी अंधारात बसायचं आणि आपल्याच रस्त्यावरचे आवाज ऐकायचे.

"आजी, हे बघ, पार्किंगमध्ये समूहगान!"

"गाऊ देत. आता गाड्या कुठे लावायच्या तेही त्यांनाच विचार."

मग तिने पान उलटलं आणि ओरडलीच. "आजी! आजोबांचा फोटो!"

मी चष्मा पुसून पाहिलं. आमचेच हे. केस भांग पाडून बसवलेले, अंगात पांढरा सदरा, हातात चादरीचे दोन कोपरे. चेहरा असा, जसा काही ह्यांनीच कापसाचा शोध लावला. चादरीचं दुसरं टोक एका बाईच्या हातात होतं, आणि ती बाई मी नव्हते.

हे कसं झालं ते सांगते. आमचा धंदा हॉटेलांच्या चादरी धुण्याचा. सासऱ्यांनी सुरू केला, आम्ही दोघांनी वाढवला. धुणारी माणसं होती, इस्त्रीला माणसं होती, पण मोठ्या चादरींच्या घड्या आम्ही दोघंच घालायचो. समोरासमोर उभं राहायचं, दोन कोपरे ह्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. एक झटका द्यायचा, चादर ताठ होते. उभी दुमडायची, पुन्हा दुमडायची. मग मी ह्यांच्याकडे चालत जायचं, ह्यांचे कोपरे माझ्या हातात घ्यायचे. हे वाकून खालची घडी उचलायचे आणि मागे सरकायचे. झाली चादर, पुढची घ्या. बोलायची गरज नसायची. आमच्यात भांडण चालू असलं, अबोला असला, तरी चादरी व्हायच्या. लेकाच्या जन्माच्या दिवशी सकाळपर्यंत मी घड्या घालत होते.

तोच लेक मोठा झाला आणि त्याने घडी घालायचं मशीन आणलं. चांगलं आहे मशीन, मी नाही म्हणत नाही. मला तर काउंटर आहे, गिऱ्हाइकं आहेत, भांडायला हॉटेलांचे मॅनेजर आहेत. माझा दिवस जातो. पण ह्यांचे हात मोकळे झाले. वरच्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची आहे, तिच्यात जाऊन बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली तर येणार, नाही मारली तर तसेच. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काही नाही." आधीही हे फार बोलणारे नव्हते, पण हे वेगळं होतं. माणूस घरात असून नसल्यासारखा. कधीकधी वाटायचं, ती खुर्ची उचलावी आणि रस्त्यावर फेकावी. फेकली असती, पण मग हे उभे राहिले असते. तिथेच, खिडकीशी.

हिवाळ्यात एकदा मशीन बंद पडलं. लेक कारागिराला फोन करत बसला आणि हॉटेलची गाडी दारात. मी वर जाऊन म्हटलं, "अहो, चला." आले. घड्या सुरू झाल्या. तेवढ्यात एक सडपातळ बाई नाटकाच्या कापडांचं बोचकं घेऊन आत आली आणि आमच्याकडे बघत तोंड उघडं ठेवून उभीच राहिली. मी म्हटलं, "बाई, माशी जाईल." ती नाच बसवणारी निघाली. महोत्सवात 'हात' नावाचा खेळ करायचा होता तिला. शहरातली म्हातारी माणसं जन्मभर जे काम करत आली, तेच रंगमंचावर करून दाखवणार. न्हावी, टायपिस्ट, सुईण.

"मला हेच हवंय," ती म्हणाली. "तुम्ही दोघं. आजी, तुम्ही याल?"

"आजी कोणाची? आणि मी काय रिकामी आहे? इथे एक दिवस मी नसले तर हॉटेलवाले रंगीत आणि पांढरं एकत्र घालून ठेवतील."

नाचबाईचा चेहरा पडला. तेव्हा मागून आवाज आला. "मी येतो."

लेक, सून, मी, तिघंही वळून बघायला लागलो. ह्यांचाच आवाज होता.

तर हे जायला लागले. माझ्या जागी नाचबाईने भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक मास्तरीणबाई उभ्या केल्या. ह्यांनी त्यांना घडी शिकवायची आणि मग ती घडी विसरायला शिकवायची, असं काहीतरी. संध्याकाळी हे घरी यायचे तर चाल बदललेली असायची. जेवताना स्वतःहून बोलायचे. "मास्तरीणबाईंना कोपरा सापडत नाही," असं म्हणून हसायचे. हसायचे! मी माझं माझं वाढून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, कोपरा सापडत नाही त्या बाईला चादर द्यायची कशाला, नकाशा द्या. सून एकदा म्हणाली, "आई, बाबा किती खुशीत आहेत." मी म्हटलं, "खुशीत आहेत ते दिसतंय. भांडी घास." बोलून गेले खरी, मग स्वतःच घासली.

फोटो बघितल्यावर मी ते पुस्तक मिटलं आणि नातीला सांगितलं, अभ्यास कर. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक उघडून काउंटरच्या काचेखाली ठेवलेलं लेकाला दिसलं. त्याने विचारलं तर मी म्हटलं, "काच डगमगत होती."

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळीच नाचबाई दारात. चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढराफटक.

"मास्तरीणबाई जिन्यावरून घसरल्या. घोटा सुजलाय, पाय टेकवत नाही." ती ह्यांच्याकडे वळली. "बाबा, मला फार वाईट वाटतंय, पण तुमचा भाग आता काढावा लागेल. चादर एकट्याने नाही होत."

ह्यांनी मान हलवली, सदऱ्याची बाही उगाच खाली ओढली आणि जिन्याकडे निघाले. वर. मला माहीत होतं वर काय आहे ते. पहिली पायरी चढले, दुसरी चढले. कठड्याला हात धरून चढत होते, आणि त्याआधी कित्येक दिवस ह्यांनी कठडा धरला नव्हता.

माझं टाळकंच सरकलं. नाचबाईवर, मास्तरीणबाईच्या घोट्यावर, ह्यांच्या त्या पाठीवर. "कुठे निघालात?" मी खालून ओरडले. "आणि तुम्ही हो, नाचबाई, किती वेळ धरायची असते ती तुमची चादर?"

दुपारी मला थिएटरात नेलं. मोठं रिकामं दालन, खुर्च्यांवर कापडं घातलेली, ती कधी कोणी धुतली नसावीत. चादर आधीच वर दोराला टांगून झाली होती, ती खाली काढायला वेळ नव्हता, म्हणून रिकाम्या हातांनीच तालीम झाली. नाचबाई समजावत होती. "आजी, नीट ऐका. घडी घालायची नाही. चादर हवेतच ठेवायची. वर न्यायची, तिला भरू द्यायची, हळूहळू खाली येऊ द्यायची. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे यायचं, पण कोपरे जोडायचे नाहीत. पुन्हा मागे जायचं."

"मग चादर झाली कधी?"

"होतच नाही. तेच तर आहे."

"लक्ष देऊन ऐक ना," हे म्हणाले. मला! मी हवेत हात वर केले, खाली केले, चालत गेले, परत आले. त्यात शिकण्यासारखं काय होतं? हे दोनदा म्हणाले, अजून एकदा करू. मी म्हटलं, पुरे, गिऱ्हाईक खोळंबलंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दालन माणसांनी भरलं होतं. मला पांढरे कपडे दिले, इस्त्री अशी की आमच्याकडे कोणी केली असती तर मी परत पाठवली असती. आम्ही पडद्याआड उभे. समोर उजेडात एक बाई मोठं वाद्य गुडघ्यांत धरून वाजवत होती. न्हावी खुर्चीतल्या माणसाची दाढी करत होता, वस्तरा नव्हता, साबण नव्हता, तरी त्या माणसाने जीव मुठीत धरला होता. सुईण ओंजळ धरून उभी होती, बघवत नव्हतं. मनात म्हटलं, बरं आहे की. तेवढ्यात ह्यांनी माझ्या कोपराला हात लावला. आमची वेळ झाली.

चादर वरून उतरली. मी माझे दोन कोपरे धरले. बोटांना काठ लागला, आणि लगेच कळलं की खळ नीट बसलेली नाही. समोर पाहिलं तर हे. उजेडात, पांढऱ्या सदऱ्यात, कोपरे धरून. मास्तरीणबाईंबरोबर ह्यांनी इतके दिवस हळू केलं असेल. पण आता समोर मी होते, आणि मी ह्यांच्याकडे जसं रोज बघायचे तसं बघितलं असणार, कारण ह्यांनी झटका दिला.

काय आवाज झाला त्याचा! पुढचं माझ्या हातांनी केलं, मला विचारलं नाही. उभी दुमडली, पुन्हा दुमडली, मी चालत गेले, कोपरे घेतले, हे वाकले, मागे सरकले, झाली. ती चादर माझ्या हातावर चौकोनी, कडेला कड. तिथे तरी थांबायला हवं होतं. पण आमच्याकडे एक झाली की पुढची असते, आणि ह्यांनी पुढचीला हात घातलासुद्धा.

पुढची म्हणजे मागचा पांढरा पडदा. रंगमंचभर रुंद, तो नुकताच सोडून खाली पाडला होता. खेळाच्या शेवटी सगळ्या म्हाताऱ्यांनी तो डोक्यावर धरून त्याच्याखाली एकत्र बसायचं, असं ठरलं होतं, हे मला मागून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की एक मोठं कापड जमिनीवर लोळतंय. आम्ही टोकं धरली. एवढ्या मोठ्या कापडाची दोघांनी घडी करायची म्हणजे चालावं लागतं. टायपिस्ट बाजूला झाली. न्हाव्याने माणसासकट खुर्ची सरकवली. पडद्यामागे विटांची भिंत होती, शिडी होती आणि एक कामगार डबा खात बसला होता. तो सगळ्यांना दिसला, आणि त्याला आम्ही सगळे दिसलो. त्याने घास तोंडाजवळच धरून ठेवला. पडदा झाला, तेव्हा ह्यांनी न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं पांढरं कापडही काढून घेतलं, आणि मी त्याची टोकं जुळवली.

मग काही उरलं नाही. मी घड्या एकावर एक रचून ठेवल्या आणि पुढची कुठे आहे म्हणून आजूबाजूला पाहिलं. वाद्यवालीचं वाजवून संपलं होतं, ती धनुकली हवेत धरून आमच्याकडेच बघत होती. मग कोणी हसलं, कोणी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. लोकांचं काय, ते रिकाम्या तलावापुढेही वाजवत असतील.

आत आल्यावर नाचबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजी, शेवटचा प्रवेश! सगळ्यांनी त्या पडद्याखाली जायचं होतं! खेळ अर्धाच राहिला."

"पडदा कुठे गेला नाही. घडी करून ठेवलाय, उलगडा आणि घाला."

तेव्हा हे फुटले. लग्न झाल्यापासून मी ह्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"तुला एक गोष्ट धड ऐकता येत नाही! तालमीत सांगत होतो ना, अजून एकदा करू म्हणून? तुला आपली घाई!"

"झटका कोणी दिला?" मी म्हटलं. "मी दिला?"

"झटका मी दिला. कोपरा घ्यायला तू का आलीस?"

"मग काय तुम्हाला तसंच चादर हातात धरून उभं ठेवू? आणि न्हाव्याचं कापड? ते मी ओढलं?"

"ते तू बघितलंस म्हणून!"

न्हावी म्हणाला, "कापडाचं राहू द्या, जुनंच आहे." कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

नाचबाईने दोन्ही हात वर केले. "उद्या पुन्हा असं झालं तर मी हा भाग काढते. मला बाकीच्यांचाही विचार करायचाय."

"उद्या होणार नाही," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, पण ठणकावून.

सकाळी मी खाली जायला निघाले तर हे जिन्यात उभे. "तू वर ये." लेकाला ओरडून सांगितलं, अर्धा तास मशीन थांबव, आवाज नको. लेकाने निमूट थांबवलं. वरच्या खोलीत ह्यांनी सामान भिंतीला सरकवून जागा केली होती, आणि घरातली सगळ्यात मोठी चादर पलंगावर होती. चुरगळलेली. मुद्दाम चुरगळली होती म्हणे, माझ्या हातांना तिची घडी आठवू नये म्हणून.

"धर. वर ने. हळू."

मी वर नेली.

"ही हळू आहे का? बोटं सैल सोड. कोपरा मुठीत नाही धरायचा, दोन बोटांत."

"पडेल."

"पडत नाही. पुन्हा."

पुन्हा. माझी बोटं आपोआप एकमेकांजवळ जायची आणि हे "अं हं" करायचे. गिऱ्हाइकाला मी जसं करते तसं, नाक वर करून. मी म्हटलं, ही थट्टा आहे. हे म्हणाले, पुन्हा. मी म्हटलं, खांदे दुखतात. हे म्हणाले, मास्तरीणबाईंचेही दुखायचे, त्या बोलायच्या नाहीत. मी चादर अशी वर नेली की छताला लागली असती.

"मधे काय करायचं?" मी विचारलं. "वर गेल्यावर खाली येईपर्यंत नुसतं उभं राहायचं?"

"चादर बघायची."

"डाग आहे का तिला?"

"नाही गं बाई. नुसती बघायची."

आयुष्यभर चादरी बघितल्या, त्या डागासाठी, विरलेल्या जागेसाठी, हॉटेलच्या खुणेसाठी. ही वर फुगली होती, खिडकीतला उजेड तिच्यातून येत होता, आणि तिच्या पलीकडे ह्यांची नुसती सावली होती, हात वर करून उभी. मी चालत गेले. ह्यांचे कोपरे इतके जवळ आले की बोटं शिवशिवली. मागे गेले. पुन्हा.

खालून सून ओरडली, "आई, हॉटेलचे मॅनेजर आलेत! अभ्रे कमी आलेत म्हणतात!"

माझे हात वर होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हात खाली करायची तयारी केलेली दिसली.

"सांग त्यांना, आई कामात आहे!" मी ओरडले. "आणि अभ्रे मोजून दिलेत! त्यांच्या पोरांना गाद्यांखाली बघायला सांग!"

"ओरडू नको, चादर हलते," हे म्हणाले.

संध्याकाळी झाला प्रयोग. वर्णन करण्यासारखं काही नाही, कारण काही झालंच नाही. चादर वर गेली, खाली आली, वर गेली. एकदा माझं बोट ह्यांच्या बोटाला लागलं आणि हात मिटणार होता, तर ह्यांनी चादरीआडून हळूच "अं हं" केलं. मी मागे गेले. शेवटी तो मागचा पडदा खाली पडला, आम्ही सगळे त्याच्याखाली जाऊन बसलो. आत घामट होतं, आणि न्हाव्याचं गुडघ्याचं हाड माझ्या कमरेत रुतत होतं. बाहेर टाळ्या चालू होत्या.

आत आल्यावर नाचबाईने माझे दोन्ही हात धरले. "आजी, किती सुंदर केलंत!"

मी काही म्हणणार, तर हे मधेच बोलले.

"ठीक आहे," हे म्हणाले. "डावा हात अजून घाई करतो हिचा. आणि हिला चालायलाही शिकवायला हवं, गिऱ्हाइकाच्या अंगावर गेल्यासारखी चालते. उद्या आम्ही लवकर येतो. करून घेतो मी हिच्याकडून."

मला चालायला शिकवणार! मी ह्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर गप्प झाला असता. हे गप्प झाले नाहीत. घरी येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही, आणि तशी संधीही मिळाली नाही, कारण सगळा रस्ता हेच बोलत होते.